बोडकीवरचे चारशे बारा देव

टाकेबारीत कुणाच्या घरी नवी वस्तू आली, की घरचे लोक आधी दार लोटून घेतात. दृष्ट लागेल म्हणून नव्हे, फकिरा नाना येतील म्हणून. नाना येतात, चहा घेतात, वस्तूकडे मान तिरकी करून बघतात आणि खिशातून टेप काढतात. मग शेजारच्या दिनेशच्या नव्याकोऱ्या दिवाणाचा एक पाय बाकीच्या तिघांपेक्षा चार मिलिमीटर आखूड निघतो. तोवर त्या दिवाणावर मजेत लोळणाऱ्या दिनेशला त्या दिवसापासून आपण एका बाजूला कलंडतो आहोत असं वाटायला लागतं.

नानांच्या मनात वाकडं काही नसतं. सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी एकोणतीस वर्षं तपासणी खात्यात काढली. मशीनवरून उतरलेला एकेक नग त्यांच्या हातून जायचा. बरोबर असला तर हिरवा ठिपका, नसला तर तांबडा. तांबडा ठिपका पडलेला नग पुन्हा हिरवा झाला, असं एकोणतीस वर्षांत एकदाही घडलं नाही. सुपरवायझरनं गळ घातली, मालकाच्या मेव्हण्यानं डोळे वटारले, पण नानांचं उत्तर ठरलेलं. "मालाला तोंड नसतं साहेब, माप असतं." निवृत्तीच्या दिवशी कारखान्यानं त्यांना शाल, नारळ आणि जाडी मोजायचा त्यांचाच जुना व्हर्नियर दिला. शाल रंगूबाईंनी धुऊन ठेवली, नारळ फोडला आणि व्हर्नियर देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर गेला. दसऱ्याला नाना त्याला झेंडूचं फूल वाहतात आणि कुंकवाचं बोट लावतात.

रंगूबाई म्हणजे नानांची बायको. द्राक्षाच्या हंगामात घड विरळण्यात तिचा हात धरणारी बाई अख्ख्या दिंडोरी तालुक्यात नाही. बागायतदार तिला गाडी पाठवून नेतात. तिच्या भाकरीवर मात्र नानांनी लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात शेरा मारला होता, "कडेला जाड हाय." तेव्हा ती म्हणाली होती, "मग कडा बैलाला टाका आन मधलं तुमी खा." नानांनी तो माल तेवढा न बोलता पास करायला सुरुवात केली.

गावाच्या उशाला एक टेकडी आहे. तिचं नाव बोडकी. वीस-बावीस वर्षांपूर्वी तिच्यावर कुसळं आणि कडेचा एक बेहडा सोडला तर खरोखरच काही नव्हतं. मग वनखात्यानं सागाची रोपं दिली, गावानं ती अडीच एकरांत लावली, समिती झाली, आणि गावात रजिस्टर नीट लिहिणारा माणूस एकच म्हणून नाना तिचे अध्यक्ष झाले. आज टेकडीवर बाराशे साग उभे आहेत, पण नाव बोडकीच राहिलं. लहानपणी गोटा केलेल्या पोराला पुढे झुलपं आली तरी गाव त्याला टकल्याच म्हणतं, त्यातलाच हा प्रकार.

कारखान्यात असताना आठवडी सुट्टीला नाना मोटरसायकलवरून यायचे ते आधी टेकडीवर आणि मग घरी. "माझी सवत डोंगरावर राहती," असं रंगूबाई विहिरीवर सगळ्या बायांना सांगायची. तिच्या म्हणण्यात खोट नव्हती. नानांनी त्या झाडांची राखण केली ती जहांबाज सासूसारखी. सरपंचाच्या शेळ्या कोंडल्या. बुधानं कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी एक फाटा तोडला, तर बालपणापासूनची दोस्ती बाजूला ठेवून त्याला समितीपुढे उभा केला. समितीच्या रजिस्टरात आजही एक नोंद वाचायला मिळते: 'रंगूबाई फकिरा गांगुर्डे. पत्रावळीसाठी पाने, नग सहा. समज देऊन सोडले.'

वीस वर्षं बोडकीवर काडी हलली नाही. आणि नानांना या गोष्टीचा केवढा अभिमान!

त्या अभिमानाला जानेवारीत सुरुंग लागला. नव्या वनरक्षक मॅडम आल्या. तेजस्विनी नाव, वय सत्तावीस, माहेर बागलाणातलं नामपूर. बोलायच्या अगदी पुस्तकी मराठी, पण राग आला किंवा जीव कळवळला की आतली अहिराणी बाहेर यायची. नाना त्यांना मोठ्या हौसेनं टेकडी दाखवायला घेऊन गेले. मॅडम गप्प चालत होत्या. पायाखाली सागाची वाळकी पानं पापडासारखी मोडत होती, तेवढाच काय तो आवाज. मध्यावर त्या थांबल्या.

"नाना, काही ऐकू येतं का?"

"नाय. लय शांत हाय आपलं जंगल."

"तेच म्हणते. पाखरू नाही, गवत नाही, झुडूप नाही. हाई जंगल आजारी शे, नाना."

नानांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "आजारी? एक फांदी तुटू दिली नाय मी वीस वरसं!"

"म्हणूनच," मॅडम म्हणाल्या.

एखाद्या बापाला डॉक्टरनं सांगावं की पोरगं उपाशी आहे, तसं नानांचं झालं. ते तरातरा खाली निघाले. मॅडमनी त्यांना अडवलं नाही. वाटेत गेल्या पावसाळी वाऱ्यात मोडून पडलेला एक साग होता, त्याचा बुडखा त्यांनी करवतीनं सपाट करून घेतला होता. तेवढा दाखवला. "तुम्ही मोजणारी माणसं. माझ्यावर विश्वास ठेवू नका, हे मोजा."

नाना घरी जाऊन व्हर्नियर घेऊन आले. खोडात वर्षाला एक वळी पडते, हे त्यांना माहीत होतं. गाभ्याजवळच्या वळ्या पाच-पाच मिलिमीटरच्या होत्या. झाड पहिली सात-आठ वर्षं जोमानं वाढलं होतं. मग वळ्या बारीक होत गेल्या. तीन, दोन, दीड. सालीजवळ तर इतक्या दाट, की व्हर्नियरचे जबडे दोन वळ्यांच्या मध्ये शिरेनात. नानांनी चष्मा पुसला, पुन्हा मापलं. आकडा बदलला नाही.

ते बुडख्यावरच बसले. "म्हणजे दहा-बारा वरसं ही झाडं नुसती उभी होती?"

"एकमेकांच्या खांद्यावर," मॅडम म्हणाल्या. "उन्हासाठी सगळी वर धावली, म्हणून पोटरीएवढी बारीक राहिली. खाली ऊन नाही म्हणून गवत नाही, गवत नाही म्हणून ससा नाही, तित्तर नाही. झाडं अशक्त म्हणून भुंगा खोडात शिरतो. तिसरा हिस्सा काढला पाहिजे. मी परवानगी आणते, पण ती मार्चअखेरपर्यंतच मिळेल. यंदाचं वर्ष हुकलं तर एवढ्या पानांत एखादी ठिणगी पुरेल, किंवा भुंगा तरी पुरेल. मग तुमची बोडकी पुन्हा बोडकी."

नानांनी सालीजवळच्या वळ्या पुन्हा एकदा बोटानं चाचपल्या. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. "खराब कोणती, ते ठरवणार कोण?"

"तुम्ही," मॅडम म्हणाल्या, आणि नानांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर पहिल्यांदा कामावर जाणाऱ्या माणसाचं तेज आलं.

फेब्रुवारी महिना नानांनी टेकडीवर काढला. सोबतीला बुधा. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजायचा असा नियम. पण बुधा सहा फुटी आणि नाना पाच फूट दोन इंच, त्यामुळे पहिल्याच झाडापाशी छाती कुणाची यावरून तासभर वाद झाला. शेवटी नानांनी एका काठीवर नियमातली उंची कोरली आणि सांगितलं, "आजपासून ही काठीच छाती." वाकडं, दोन फाट्यांचं दुबेळकं, पोखरलेलं, शेजाऱ्याच्या सावलीत कुजलेलं असं प्रत्येक झाड नाना फिरून फिरून बघत, मापत, आणि मग छातीच्या उंचीवर साल थोडी घासून तिथे तळहाताएवढा गोल ठिपका काढत. रंग होता तांबडा. द्राक्षमांडवाच्या लोखंडाला गंज चढू नये म्हणून मारतात तो, घरात उरलेले दोन डबे. ठिपका कसा, तर नाण्यासारखा गोल. एकही ओघळ नाही. महिनाअखेर रजिस्टरात आकडा पडला: चारशे बारा.

टेकडीच्या कडेला सागाच्या आधीपासूनचा एक जुना बेहडा होता. तो चार वर्षांपूर्वी उभ्याउभ्या वाळून गेला होता. बुधा म्हणाला, "याला दोन ठिपके मार. हा तर मेलेलाच हाय. होळीला घेऊन जाऊ, गावात अशी होळी झाली नसंल."

नानांनी ब्रश बुचकळलासुद्धा. पण मॅडमनी ताकीद दिली होती. मेलेलं झाड म्हणजे चाळ असते. सुतार पक्षी भोकं पाडतो, मग त्यात दुसरी बिऱ्हाडं येतात. या बेहड्याच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी होती, अख्ख्या टेकडीवर राहिलेलं तेवढंच घुबडाच्या जातीचं पाखरू. नानांनी ब्रश डब्यात ठेवला. बुधा म्हणाला, "होळीच्या पोरांना तू तोंड दे मग. मी सांगणार नाय."

मार्चच्या पहिल्या मंगळवारी तोडणारी टोळी यायची होती, पेठच्या बाजूची. नाना सकाळीच वर गेले आणि पहिल्याच झाडापाशी थबकले. त्यांच्या तांबड्या ठिपक्यावर हळद होती. हळदीवर कुंकू. बुडाशी फोडलेला नारळ, झेंडूची दोन फुलं आणि विझलेली उदबत्ती. दुसऱ्या झाडाला तेच. तिसऱ्याला वर हिरवी बांगडी.

झालं होतं ते असं. सोमवारी नाना कागदांसाठी दिंडोरीला गेले होते आणि इकडे साळूबाईची कालवड हरवली होती. साळूबाई म्हणजे नानांच्या भावकीतली थोरली चुलती, वय ऐंशीच्या पुढे, पण काठी टेकते ती दुसऱ्यांना हाणायला सोपी जावी म्हणून. ती कालवड शोधत टेकडीवर चढली, तर कालवड एका वाकड्या सागाला अंग घाशीत उभी. आणि त्या सागावर बघते तर तांबडा, वाटोळा, झळझळीत ठिपका! तो साग काल-परवापर्यंत साधा साग होता. साळूबाईनं तिथेच पदर पसरला. खाली येऊन तिनं विहिरीवर सांगितलं, विहिरीनं गावाला सांगितलं, आणि गाव वर येऊन बघतं तर एक सोडून चारशे बारा देव प्रकट झालेले.

एवढं सुबक काम नानांच्या हातून व्हायला नको होतं. चार ओघळ आले असते तर कुणी शेंदूर म्हटलं नसतं.

टोळीचा मुकादम पुंजा झाडापर्यंत आला, कुऱ्हाड खाली ठेवली, हात जोडले आणि नानांना म्हणाला, "दादा, आमी झाडं तोडतो. देव नाय तोडत."

"अरे देव कशाचे! रंग हाय तो. मी लावलाय!"

"लावतं कोनीतरीच ना दादा. देव सोता कुठं लावून घेतो?" एवढं बोलून पुंजानं माणसांसह मारुतीच्या पारावर बिऱ्हाड टाकलं. निर्णय होईपर्यंत थांबतो म्हणाला, पण शुक्रवारपर्यंतच.

नानांनी रंगाचा डबा गावात आणला. पारावर सगळ्यांच्या समोर ठेवला. "हे बघा. हाच तो रंग. डब्यातला हाय."

साळूबाईनं डबा काठीनं फिरवून बघितला. "शेंदूर काय झाडाला लागतो व्हय रे? तो बी डब्यातूनच येतो."

"काकू, मी खराब झाडांना खूण केली फक्त!"

"तुझ्या हातून केली. करवणारा कोन? दसऱ्याला तू त्या लोखंडी पट्टीला कुंकू लावतो, फूल वाहतो, तवा मी म्हनले का, फकिरा, ती पट्टी हाय म्हणून?"

पार हसला. एकोणतीस वर्षांत त्यांच्या मापावर असा बिनतोड आक्षेप कुणी घेतला नव्हता.

घरी येऊन ते ओट्यावर बसले ते बसलेच. जेवले नाहीत. रंगूबाईंनी ताट झाकून ठेवलं आणि शेजारी बसल्या. नाना म्हणाले, "शुक्रवारी टोळी गेली, की परत मिळत नाय. महिना संपला की परवानगी गेली. वीस वरसं मी राखली म्हणत होतो. राखली कसली? कोंडून ठेवली. आता सोडवायची म्हटलं तर माझ्याच रंगानं अडवून ठेवलीय." त्यांचा आवाज जरा चिरकला. रंगूबाईंनी तो चिरकलेला आवाज ऐकला नाही असं दाखवलं. इतक्या वर्षांच्या संसारात ही एक गोष्ट त्यांना चांगली जमली होती.

"लोकांना काय सांगायचं, ते तुमाला कळत नाय," त्या म्हणाल्या. "तुमी मिलिमीटर सांगता. उद्या मी बोलते."

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. नानांनी बुडख्याची एक चकती कापून आणली होती, ती बाजूला ठेवून रंगूबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात घड विरळायची कात्री होती.

"ही कात्री कोन कोन चालवतं?" निम्म्या बायांनी आणि दहा-बारा बाप्यांनी हात वर केले. "एका घडाला किती मणी येतात? दीडशे-दोनशे. ठेवतो किती? सत्तर. बाकीचे का काढतो? ते काय पापी हायेत का? हिरवे, टवटवीत मणी कातरून खाली टाकतो आपण. नाय टाकले तर घडाचं काय व्हतं, ते सुमनबाईला विचारा, तिच्या सासऱ्याला गेल्या साली दया आली होती."

"सगळा घड बुरशीनं गेला," सुमनबाई मागून म्हणाली. "बारीक-बारीक, आंबट, बकऱ्यांनी बी तोंड फिरवलं."

"टेकडी म्हणजे न विरळलेला घड हाय," रंगूबाई म्हणाल्या, आणि खाली बसल्या.

हे सगळ्यांना कळलं होतं. नानांच्या व्हर्नियरला दोन महिन्यांत जमलं नव्हतं ते कात्रीनं दोन मिनिटांत केलं होतं. पण साळूबाई हलली नाही. "मणी मणी असतात. मण्याला कुंकू लावलेलं नाय. लावलेलं कसं काढायचं, ते सांग."

"काकू, चारशे बारा देव सांभाळणार कोन?" रंगूबाईंनी उलट विचारलं. "वर्षाचे नैवेद्य मोजा. एकेका देवाला एकेक पोळी म्हटली तरी मी मेले. आपल्याकडं देव हलवतात ना? पाझर तलावात म्हसोबा बुडत होता, तवा नारळ देऊन वर नाय आणला? तसे सगळे देव एका जागी बोलवू. त्या वाळक्या बेहड्यात."

बुधाच्या होळीचा सरळ सरळ बळी जात होता. तो ओरडला, "मेलेल्या झाडात देव?"

"दगडात चालतो ना? दगड कधी जिवंत होता?" साळूबाईनंच त्याला झापला, आणि झापता झापता आपण कुठल्या बाजूनं बोललो हे तिच्या लक्षात आलं. तिनं काठी जमिनीवर आपटली. मग म्हणाली, "कौल लावू. देव म्हणला हो, तर हो."

गुरुवारी सकाळी सगळं गाव बेहड्याखाली. मॅडमही आल्या, गणवेशात, एका कडेला. बेहड्यावर खूण कुणी करायची हा प्रश्न आला. सगळ्यांनी नानांकडे बघितलं. नाना म्हणाले, "मी खोटं करणार नाय. मी रंग लावंल, आन रंगच म्हणंल. त्याला देव तुमी म्हणा." साळूबाई म्हणाली, "कोन विचारतंय तुला? तू ठिपका काढ, वाटोळा काढ." नानांनी काढला. तोही नाण्यासारखाच आला.

साळूबाईनं ठिपक्याच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या हातानं एकेक फूल चिकटवलं. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. मग सगळे बघत बसले. ऊन चढलं. फुलं हलेनात. नानांना उजवं फूल जरा ढळल्यासारखं वाटलं. टेप काढायला त्यांचा हात खिशाकडे गेला, पण रंगूबाईंनी तो दाबून धरला. पाव तास गेला. मॅडम पुटपुटल्या, "मना जीव लेतस का आते?"

एवढ्या गर्दीच्या कलकलाटानं वर ढोलीत कुणाची तरी झोपमोड झाली होती. पिंगळ्यानं बाहेर डोकं काढलं. पिवळे डोळे वटारून त्यानं गावाकडे बघितलं आणि मान वर-खाली, वर-खाली केली, या जातीची सवयच असते ती. मग पंख झटकून तो फांदीवर येऊन बसला. त्याबरोबर वाळक्या सालीचा एक लांब तुकडा सुटला, खोडावरून घसरत आला आणि दोन्ही फुलं बरोबर घेऊन खाली पडला.

दोन्ही. एकदम.

"झाला गोंधळ," बुधा म्हणाला. "आता हो का नाय?"

सगळे साळूबाईकडे बघायला लागले. म्हातारी खाली पडलेल्या फुलांकडे बघत होती. मग तिनं मान वर करून पिंगळ्याकडे बघितलं. "दोन्ही पडली," ती सावकाश म्हणाली, "म्हणजे देव म्हणतो, तुमचं तुमी बघा, मला झोपू द्या."

ती नानांकडे वळली. "फकिरा, मी देवाला विचारलं, आता तुला विचारते. खरं सांग. तोडल्यावर ही झाडं मरतील का?"

इथे नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण नानांनी माप सोडलं नाही. "काकू, साग खुंटाला पुन्हा फुटतो. पण सगळे फुटवे ठेवता येणार नाय, त्यातले बी काढावे लागतील. काही खुंट वाळतील. जी राहतील, ती मात्र जोरात येतील. आन मधे गवत येईल. तुझ्या कालवडीला नाय मिळणार हां ते, चराई बंदीच हाय."

शेवटचं वाक्य ऐकून साळूबाईला त्याचा खरेपणा पटला असावा. काही मिळवायला आलेला माणूस असं बोलत नाही. "तोडा," ती म्हणाली. "पण माझा साग ठेवायचा. कालवड उभी होती तो."

नानांचा चेहरा पडला. तो साग त्यांना पाठ होता. नग एकशे अठ्ठ्याण्णव. बुडापाशी वाकडा, मधे दुबेळका, दोन ठिकाणी पोखरलेला. सबंध टेकडीवर त्याच्याइतका वाया गेलेला माल नव्हता. काढायच्या यादीत तो पहिला असायला हवा होता. शेजारचे दोन चांगले साग त्याच्यामुळे अडले होते.

"काकू, दुसरा कोणता पण घे. हा पार..."

"मला दुसरा नको."

पुंजाची माणसं उठून उभी राहिली होती. मॅडमनीही नानांकडेच बघितलं, हा निर्णय तपासणी खात्याचा होता. नानांनी काखेतलं रजिस्टर उघडलं, पान उलटलं, पेन्सिल जिभेला लावली. एकोणतीस वर्षं आणि वर ही वीस. सुपरवायझरपुढे वाकले नाहीत, मालकाच्या मेव्हण्यापुढे वाकले नाहीत. त्यांनी 'एकशे अठ्ठ्याण्णव'वर रेघ मारली आणि पुढे लिहिलं: 'पास'. लिहिताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते, असं बुधा आजही सांगतो. अक्षर मात्र सुबकच आलं आहे.

त्या दुपारी बायांनी झाडाझाडापाशी जाऊन, चिमूटभर तांदूळ टाकून, देवांना बेहड्यात चला म्हणून सांगितलं. पुंजाच्या कुऱ्हाडी चारशे अकरा झाडं पाडून मार्च संपायच्या चार दिवस आधी थांबल्या. होळी एरंडाच्या फांदीवर आणि गोवऱ्यांवर झाली. बुधानं पोळीला तूप कमी आहे अशी तक्रार करून आपला राग काढला.

आता दिवाळी होऊन गेली आहे. बोडकीवर सागांच्या मधे मांडीएवढं गवत उभं आहे, करवंदीनं डोकं वर काढलंय, आणि सकाळी कुठून तरी तित्तराचा 'कितीतर कितीतर' असा वाद ऐकू येतो. बेहड्याखाली रोज कुणी ना कुणी येतं. नवस बोलणाऱ्याचा आवाज मोठा झाला की पिंगळा ढोलीतून डोकं काढतो आणि मान हलवतो. तो कधी कुणाला नाही म्हणाल्याचं ऐकिवात नाही. त्यामुळे देवाची ख्याती वणीच्या वाटेवरच्या वाड्या-वस्त्यांवर पसरत चालली आहे. त्या झाडाला आता हात लावायची टाप कुणाची नाही. मॅडमनी वरच्या कचेरीला अहवाल पाठवला, त्यात 'मृत वृक्षाचे संरक्षण: लोकसहभागातून' एवढंच लिहिलं.

परवा नाना आणि रंगूबाई वर गेले होते. भाकरी, ठेचा आणि टेप. छातीची काठी लावून नानांनी एकेक झाड मोजलं. एका पावसाळ्यात घेर दीड सेंटिमीटर वाढलेला, कुठे पावणेदोन. ते प्रत्येक आकडा मोठ्यानं म्हणत होते आणि रंगूबाई नातवाचे गुण ऐकावेत तशा मान डोलावत होत्या. शेवटी नाना एकशे अठ्ठ्याण्णवपाशी आले. वाकड्या बुडावर हळदकुंकवाचा थर चढला होता, आणि पोखरलेल्या जागी सुतार पक्ष्यानं नवीन भोक पाडलं होतं. त्यांनी टेप खोडाभोवती गुंडाळला. बघितलं. सोडला. पुन्हा गुंडाळला.

"काय झालं?" रंगूबाईंनी विचारलं.

"दोन पूर्णांक एक," नाना खोल आवाजात म्हणाले. "सगळ्यात जास्त. ह्याच्या बुडात त्या बायका रोज पाणी घालत्यात बहुतेक. अगं, पण हा माल रिजेक्ट होता. मी सोता तपासला होता!"

रंगूबाईंनी गवतावर फडकं पसरलं आणि भाकरी मोडली.

"त्यात काय एवढं? माझ्या बानं तुमाला बघितलं, तवा तो बी घरी येऊन म्हणला होता, पोरगं बुटकं हाय, तिरकं बघतं आन बोलायला वाकडं हाय," त्या म्हणाल्या. "आयनं पास केलं. बसा, जेवून घ्या."

नाना बसले. भाकरीची कड त्यांनी आधी खाल्ली.